रेहलीसमोरची साक्ष

मी एक जुनी रेहल आहे. जाड ग्रंथ उघडा ठेवून वाचता यावा म्हणून एकाच सागवानी फळीतून कोरलेली, दुमडणारी बैठक. मित्रांनो, माझं आयुष्य दिग्रसच्या हमीदुल्ला मौलवींकडे गेलं. पाहुणे माझ्या नक्षीचं कौतुक करत, आणि मला वाटे, आता हे मला मागून नेणार. स्वभावच संशयी, काय करू?

माझ्यावरच्या अरबी ग्रंथात जुन्या विद्वानांची मतं होती. शहरात माणूस सुधारतो, रानोमाळ भटकणारा राकट होतो, खेडं मधेच कुठेतरी, असं कित्येकांना वाटे. काही तर म्हणत, शहरवाल्याविरुद्ध भटक्याची साक्ष घेऊच नये. पण एखाद्या शब्दाचा अस्सल अर्थ हवा असला की शहरातले पंडित त्याच भटक्यांच्या तंबूत जात. मला यात काहीतरी काळंबेरं दिसे.

मौलवी हे मराठीत समजावून सांगत. नीळकंठराव नावाचे निवृत्त कारकून रोज ऐकायला येत, मान डोलवत. त्या डोलण्यावरही माझा विश्वास नव्हता.

साल एकोणीसशे अठ्ठावन्न. मृग लागला होता. तांड्यावरची, म्हणजे पूर्वीच्या भटक्यांच्या वस्तीतली, रुपीबाई आली, सोबत तिचा शेजारी धावजी. उन्हाळ्यात नीळकंठरावांनी गाडीला जुंपायला तिचा बैल नेला होता; आता म्हणत होते, विकत घेतलाय. जोडी मोडल्यानं तिची पेरणी अडली होती. कोर्टात हंगाम निघून जाईल, म्हणून तिनं आणि नीळकंठरावांनी मौलवींचा निवाडा मान्य करायचं ठरवलं.

धावजी म्हणाला, "म्या माह्या डोयानं पाह्यलं. तिनं बैल वापराले देल्ला, इकला नाही."

नीळकंठराव हसले. "तांडेवाल्याची साक्ष शहरातल्या माणसावर चालत नाही. परवा तुम्हीच वाचलंत, मौलवीसाहेब."

मला वाटलं, मौलवी आता रोजच्या माणसाचीच बाजू घेणार. त्यांनी शांतपणे पान उलटलं आणि पुढचं वाचून सांगितलं. पुढे इतर विद्वानांचं म्हणणं होतं: सच्चा माणूस कुठेही राहो, त्याची साक्ष घ्यावी. नाकारायची तर एवढ्यासाठीच, की दूर राहणाऱ्यानं शहरातला व्यवहार पाहिलेला नसतो.

मौलवींनी विचारलं, बैल कुठे दिला? तांड्यात, रुपीबाई म्हणाली.

"मंग तिथं दूरचे तर तुम्ही झाले, नीळकंठराव. तुमचा साक्षीदार कोन?"

कोणी नव्हता. दुसऱ्या दिवशी बैल तांड्यात पोचला आणि पेरणी झाली. नीळकंठराव पुन्हा वाचनाला आले नाहीत.

मौलवी वारल्यापासून मी माळ्यावर पडून आहे. वाळवी लागली असावी असा संशय आहे. मित्रांनो, मला खाली काढा, पुसा, वापरा. आणि कोणी अर्धंच वाचून दुसऱ्याचं तोंड बंद करू लागला, तर माझ्यासारखा संशय घ्या आणि पुढचं पान उलटा.