रंगनाथकाकांचं ताट

माझ्या साखरपुड्यात हुंड्यावरून नाही, मानपानावरून नाही, येशूच्या शिष्यावरून, पेत्रावरून भांडण झालं.

ओंकार बेलापूरचा, कॅथलिक. आम्ही शेवगावचे प्रॉटेस्टंट. सोयरीक ठरली तेव्हा कुणी हरकत घेतली नव्हती. पण पंगत बसली आणि ओंकारचे चुलते रंगनाथकाका शेजारी बसलेल्या पप्पांना म्हणाले, "भागवतराव, लग्नाआधी पोरीला कॅथलिक व्हावं लागंल. येशूनं स्वर्गाच्या किल्ल्या पेत्राला दिल्या. पोप त्याच्या गादीवर हाय. तुमचं समदं मागून आलेलं."

पप्पांनी आयुष्यभर रविवारच्या शाळेत ख्रिस्ती मंडळीचा इतिहास शिकवला. पण आज ते मुलीचे बाप होते. त्यांनी मान खाली घातली आणि मला ते सहन झालं नाही.

"काका, कसली गादी? यरुशलेमेत पहिल्या शिष्यांची सभा भरली तवा पेत्र बोलला, पन शेवटी निकाल सांगितला प्रभूच्या भावानं, याकोबानं. पुढं आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन तर भर सभेत म्हनाला, आमच्यात बिशपांचा बिशप कुनी न्हाई."

"त्याच सिप्रियननं पेत्राच्या गादीला मान दिला हुता!"

"मान दिला. रोमच्या बिशपाचा हुकूम न्हाई मानला."

तेवढ्यात दारात जीप थांबली. काकांच्या चर्चची वजनदार माणसं आली होती. 'पोरगी आपल्यात आलीच समजा' असं काकांनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. प्रॉटेस्टंटाशेजारी दिसायला नको म्हणून काकांनी पप्पांशेजारचं आपलं ताट उचललं आणि ते पलीकडच्या पंगतीत त्यांच्याजवळ जाऊन बसले. पप्पांचा घास हातातच राहिला.

माझं डोकं फिरलं.

"काका, पेत्रानं बी अंत्युखिया शहरात ह्येच केलं! परजातीच्या, म्हंजी यहुदी नसलेल्या मान्सांसंगं जेवत हुता. यरुशलेमची यहुदी मान्सं आली आन् उठून बाजूला झाला. दुसऱ्या प्रेषितानं, पौलानं त्याला समद्यांदेखत झाडला. पेत्र सगळ्यांचा मालक असता तर कुनाची छाती झाली असती? मी कॅथलिक हुनार न्हाई. लगीन मोडायचं तर आत्ता मोडा."

मी ओंकारकडे बघितलं.

ओंकार उठला. काकांची जागा रिकामीच ठेवून ताट घेऊन पप्पांच्या दुसऱ्या बाजूला बसला. "लगीन हुनार," तो म्हणाला. "ती हाय तशी."

तेव्हा पप्पांनी मान वर केली.

"रंगनाथराव, पेत्र परत पंगतीला आला का न्हाई, ते कुठं लिहिलेलं न्हाई. तुमची जागा आमी मोकळी ठिवलीय. पोरगी मातर बदलनार न्हाई."