शमीमचा निरोप

लीड्सच्या हॉस्पिटलातून सुप्रभाताईंना दुभाषी म्हणून बोलावणं यायचं ते बहुतेक उर्दू नाहीतर पंजाबी बोलणाऱ्या बायकांसाठी. कामाचा नियम एकच होता. पेशंट बोलेल ते डॉक्टरला सांगायचं, डॉक्टर बोलेल ते पेशंटला, पदरचं काही घालायचं नाही. बारा वर्षं त्यांनी तो पाळला होता. १९९० च्या एप्रिलमध्ये वॉर्डच्या सिस्टरचा फोन आला तो मात्र वेगळाच होता. पाकिस्तानातून मुलाकडे आलेली एक म्हातारी, स्ट्रोक झालाय, आणि ती काय बोलते ते मुलालाही कळत नाहीये.

मुलगा पलंगाशी उभा होता. इक्बाल त्याचं नाव, टॅक्सी चालवायचा. "आपा, अम्मी अशी कधीच बोलत नव्हती," तो उर्दूत म्हणाला. "डॉक्टर म्हणतात डोक्यावर परिणाम झालाय. नुसतं बरळतेय."

म्हातारीचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. सुप्रभाताई वाकल्या तशी तिनं त्यांचा पदर धरला.

"पानी दे गं माय. ह्ये लोक पानी दिनात मला."

बरळणं कसलं, ही तर मराठी होती, चांगली मराठवाड्याकडची. त्यांनी सिस्टरला सांगितलं. घशाचे स्नायू लुळे पडल्यामुळे साधं पाणी श्वासनलिकेत जाईल, म्हणून बंद ठेवलंय, असं सिस्टर म्हणाली. सुप्रभाताईंनी ते समजावलं आणि घट्टसर केलेलं पाणी चमच्यानं भरवलं. म्हातारीनं तोंड वाकडं केलं. "खळ हाय का पानी?" पण गिळलं.

तिचं नाव खातूनबी. उदगीरजवळच्या हाळी गावातली पिंजाऱ्याची लेक. माहेरी घरात मराठीच बोलत. अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य बुडालं, गावोगाव कापाकापी झाली, आणि नवरा तिला घेऊन मुंबईमार्गे सिंधमध्ये गेला. तिथं हैदराबादच्या पक्क्या किल्ल्यात निर्वासितांनी झोपड्या घातल्या होत्या. तिथंच इक्बाल झाला, शमीम झाली. मराठी त्यानंतर चाळीस वर्षं तिच्या तोंडातून निघाली नव्हती. आता स्ट्रोकनं उर्दू पुसून टाकली होती, आणि खाली होतं ते वर आलं होतं.

किल्ल्याचं नाव ऐकून सुप्रभाताई खुर्ची पलंगाजवळ ओढून बसल्या. फाळणी होईपर्यंत त्या सिंधमधल्या त्याच हैदराबादेत वाढल्या होत्या. वडील तिथं गणिताचे मास्तर. हिराबादेतल्या घराच्या गच्चीवर मंघ होता, म्हणजे वारा पकडून खालच्या खोलीत सोडणारा धुराड्यासारखा झरोका. गावभर सगळ्या छपरांवर असे मंघ, सगळ्यांची तोंडं नैऋत्येला. उन्हाळ्यात दुपारी त्याच्याखाली आई चटई टाकायची. शाही बाजारातून चालत गेलं की शेवटी टेकाडावर किल्ल्याची विटांची भिंत उभी राहायची. कल्होडा राजानं बांधली, मग तालपूर मीर आले, मग इंग्रजांनी मीरांना हाकलून त्यांचा खजिना लुटला. हे सगळं वडील भिंतीकडे बोट दाखवून सांगायचे. "हिनं कुणालाच वाचवलं नाही बघ," असंही एकदा म्हणाले होते.

"मंघ हायेत का अजून?" हा प्रश्न विचारताना सुप्रभाताई नकळत तिच्यासारखं बोलून गेल्या.

"लई पडले. काई बुजिवले." "तुमी लोक गेल्यावर पयल्या थंडीत आमच्यापाशी पांघराया काई नव्हतं. तुमच्या लोकांच्या घराची दारं तोडली आन् जाळली. नक्षीची दारं. माज्या हातानं लावली चुलीत. काय करावं, वस्तीतली लेकरं काकडत व्हती."

सुप्रभाताईंच्या घराच्या दारावर मोर कोरलेले होते. पण दुसऱ्या दिवशी कुणी बोलावलं नसताना गेल्या. मग रोजच जाऊ लागल्या.

पद्माकर, त्यांचे यजमान, त्याच हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर होते. "एवढी गुंतू नकोस," ते म्हणाले. "या वयाचे पेशंट..."

मे महिन्याच्या शेवटी बातम्यांमध्ये हैदराबादचं नाव आलं. दोन वर्षांपूर्वी आलं होतं तसंच, गोळीबारासाठी. सिंधी आणि मुहाजिर, म्हणजे भारतातून तिकडे गेलेले निर्वासित, यांच्यात वैर पेटलेलंच होतं. आता किल्ल्याला पोलिसांनी वेढा दिला होता, आतलं पाणी आणि वीज तोडली होती. शमीम अजून किल्ल्यातच राहत होती. घरी बसून दिव्याच्या ज्योतीवर काचेच्या बांगड्यांचे सांधे जुळवायची. इक्बाल फोन लावून लावून थकला. शेवटी कराचीतल्या नातेवाइकाचा फोन आला. पाणी द्या म्हणत बायका डोक्यावर कुराण घेऊन बाहेर आल्या होत्या, आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शमीम त्यांच्यात होती. ती गेली.

वॉर्डाबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये इक्बालनं सुप्रभाताईंपुढे हात जोडले. "आपा, अम्मीला सांगू नका. तिला आता फक्त तुमचीच भाषा कळते. तुम्ही नाही बोललात तर तिला कळणारच नाही."

"ती विचारते रोज."

"बरी आहे म्हणा. एवढंच."

सिस्टरला विचारलं, तिनंही होकार दिला. पेशंटला धक्का नको, घरच्यांची इच्छा. सुप्रभाताईंनी बारा वर्षांत पहिल्यांदा पदरचं घातलं. "शमीम बरी आहे, मावशी. फोन आला होता. उकाडा फार आहे म्हणाली."

खातूनबीचा चेहरा उजळला. त्या दिवशी ती वाटीभर दलिया जेवली. आणि तिथूनच सगळं अवघड होत गेलं, कारण ती आता शमीमला निरोप देऊ लागली. तिला म्हनावं, दिव्याच्या ज्योतीपाशी लई येळ बसू नको, डोळं जात्यात. तिला म्हनावं, आता किल्ला सोड, लतिफाबादेत खोली घे. सुप्रभाताई दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन येत. उत्तरं रचायला त्यांच्यापाशी त्यांचं स्वतःचं हैदराबाद होतं. शमीम काल फुलेली कालव्याच्या काठी गेली होती. शमीमनं शाही बाजारातून आंबे आणले. संध्याकाळी वारा छान सुटला होता. बोलताना शमीमचा चेहरा त्यांना दिसत नसे. दिसायची ती तेरा वर्षांची सुप्रभा.

घरी त्या जेवेनाशा झाल्या. पद्माकरनी विचारलं तेव्हा एकदम बोलल्या, "दादाच्या वेळी असंच केलं होतं हो आमच्याकडे."

दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. अठ्ठेचाळीसच्या जानेवारीत बोटीची तिकिटं काढायला कराचीला पुढे गेला आणि तिथल्या दंगलीत सापडला. वडिलांना कळलं, सुप्रभाला कळलं. आईला सांगितलं, तो मागच्या बोटीनं येतोय. साताऱ्याला आल्यावर आई पावसाळ्यापर्यंत त्याचं ताट वाढत राहिली. शेवटी वडिलांनी तोंड उघडलं, तेव्हा आई किंचाळली नाही, काही नाही. एवढंच म्हणाली, "इतके महिने मला त्याच्यासाठी रडूही दिलं नाहीत."

दुसऱ्या दिवशी खातूनबीनं पुन्हा पदर धरला. "तू रोज सांगतीस, बरी हाय. मग इक्बाल माज्याकडं का बघंना? तुज्या मायची आन हाय तुला."

सुप्रभाताईंनी पडदा ओढून घेतला. तिचा चांगला हात दोन्ही हातांत धरला आणि सांगितलं. किल्ल्याचं पाणी तोडलं होतं, बायका बाहेर आल्या, गोळ्या झाडल्या, शमीम त्यांच्यात होती, ती गेली. नियमाप्रमाणे, काही गाळलं नाही, काही वाढवलं नाही.

खातूनबीनं हात सोडवून घेतला. "तहानली व्हती माजी लेक," ती म्हणाली. मग तोंडातून जो आवाज निघाला त्यानं सिस्टर धावत आली.

इक्बालनं त्या संध्याकाळी सुप्रभाताईंना खूप बोलून घेतलं. "दुसऱ्याच्या आईशी खेळायचा हक्क कुणी दिला तुम्हाला?" कॉरिडॉरमधले लोक बघत होते. त्यांनी ऐकून घेतलं. त्याचं चुकलं असं त्यांना वाटलं नाही. आपलं चुकलं असंही वाटलं नाही, आणि याचीच त्यांना जास्त भीती वाटली. इक्बालनं तक्रार केली. दुभाषे पुरवणाऱ्या कौन्सिलच्या ऑफिसनं त्यांना त्या वॉर्डवर पाठवणं बंद केलं.

तरी त्या भेटीच्या वेळेत जात राहिल्या, इतर लोक जातात तशा. खातूनबी भिंतीकडे तोंड करून असायची. चमचा पुढे केला की ओठ मिटायची. घट्ट केलेलं ते पाणीही तिनं घेईनासं केलं. सलाईन लावली, ती उपटली. जूनच्या अखेरीला छातीत कफ भरला. शेवटच्या दुपारी इक्बालनंच सुप्रभाताईंना फोन केला, कारण ती पुन्हा बोलत होती आणि तिथल्या कुणाला काही कळत नव्हतं.

सुप्रभाताई पोचल्या तेव्हा आवाज अगदी बारीक झाला होता. त्या कान लावून बसल्या. बाहेर गाड्या लावायला जागा शोधणाऱ्या लोकांचे हॉर्न वाजत होते. तासाभरात खातूनबीचा श्वास थांबला.

"काय म्हणत होती?" इक्बालनं विचारलं. "शमीमचं नाव घेतलं? माझं?"

खोटं बोलणं आता सोपं होतं, आणि त्याला ते हवंही होतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "आपल्या आईला हाका मारत होत्या. कापसाची गासडी भिजेल, आत घे, म्हणत होत्या. पाऊस आला म्हणत होत्या."

इक्बाल खुर्चीवर बसला आणि पहिल्यांदा मोठ्यानं रडला. सुप्रभाताई त्याच्याजवळ उभ्या राहिल्या. खांद्यावर हात ठेवावा की नाही हे त्यांना ठरवता येईना.

दफनानंतर आठवड्यानं तो घरी आला. पद्माकरनी दार उघडलं. आत यायला तो तयार नव्हता, उंबऱ्यावरच उभा राहिला. कबरीवर दगड बसवायचा होता. जन्मगाव म्हणून त्यानं हैदराबाद कोरायला सांगितलं होतं, ते त्याला आता पटत नव्हतं.

"ते गाव कुठलं म्हणाला होतात, आपा? तिनं आम्हाला कधी सांगितलंच नाही."

"हाळी."

"हाली."

"हाळी," सुप्रभाताई सावकाश म्हणाल्या. "जीभ मागे वळवा. ळी."

त्यानं दोन-तीनदा प्रयत्न केला. जमलं नाही. मग त्यानं मान हलवली, टॅक्सीत बसला आणि गेला.