एक हरकत पाहिजे

चाकाचा शोध लागला त्या दिवशी माणसाची निम्मी दुःखं संपली. उरलेली निम्मी भूमच्या कोंडीरामच्या अर्जात, रकाना अकरामध्ये होती.

भूमहून येडशी स्टेशनापर्यंत सवाऱ्या न्यायच्या म्हणून कोंडीरामनं दोन बैलजोड्या विकून जुनी मोटार घेतली. आधी विमा, मग परवाना, असं कळल्यावर विमाही उतरवला. मोटारीनं कुणाला उडवलं, कुणाची भिंत पाडली, तर भरपाई कंपनी देणार होती. मोटार जागची हललीच नाही तर काय, हे कलम मात्र सापडेना. दहा महिने मोटार रिकाम्या गोठ्यात उभी होती आणि विमा तेवढा पळत होता. अजून दोन महिन्यांनी तो संपणार. पुन्हा उतरवायचा तर घरात विकण्यासारखं काही उरलं नव्हतं.

परवान्याच्या कचेरीतले कारकून मार्तंडराव भला माणूस.

"अर्ज उत्तम आहे," ते म्हणाले. "पण रकाना अकरा कोरा आहे. एकही हरकत आलेली नाही."

"मग द्या की परवाना!"

"नियम काय सांगतो? हरकती ऐकून परवाना द्यावा. हरकतच नाही, तर साहेबांनी ऐकायचं काय?"

"पर मोटार समद्यान्लाच पायजे हाय, सायेब."

"तीच तर अडचण आहे."

कोंडीराम नारळ घेऊन आण्णासाहेबांकडं गेला. शाळेच्या खिडकीपासून मारुतीच्या शेंदरापर्यंत गावातल्या प्रत्येक गोष्टीला या गृहस्थांनी लेखी हरकत घेतलेली होती.

"आण्णासाहेब, एक हरकत पायजे."

"जमायचं न्हाय. माझी हरकत हाय."

"कशाला?"

"हरकत घ्यायला."

"मग तेवढंच लिवून द्या की!"

"तू सांगतूस म्हणून? आजिबात न्हाय!"

शेवटी कोंडीरामची बायको सत्यभामा त्यांच्या दारावरून जाताना शेजारणीला जरा मोठ्यानंच म्हणाली, "आण्णासाहेब आता थकले गं बाई. पयल्यासारकं न्हाय ऱ्हायलं."

आठव्या दिवशी सतरा पानांची हरकत कचेरीत दाखल झाली.

सुनावणीला आण्णासाहेब दीड तास बोलले. भोंग्यानं म्हशी आटतील. लोक स्टेशनावर लवकर पोचतील, गाडी तर उशिरानंच येणार, म्हणजे तालुक्याचा वेळ वाया. आणि मोटार झाली की पाहुणे वाढतील. आज वर्षातून एकदा येणारे मेहुणे दर आठवड्याला येतील, वर येताना काही आणणार नाहीत. साहेबांचं पंख्याकडं लक्ष होतं, ते खाली आलं. त्यांनाही मेहुणे असावेत.

"अर्जदाराचं म्हणणं काय?"

कोंडीराम उठला. डोळ्यांत पाणी. "सायेब, म्हशीचं मला ठावं हुतं. पर मेव्हण्याचं ध्यानातच आलं न्हाय. आण्णासाहेब बोलले ते समदं खरं हाय."

"अवो!" सत्यभामेनं मागून त्याचा सदरा ओढला. "खूळ लागलं का तुमाला? बैल गेले, आता मोटार बी घालवता व्हय?"

"खरं त्ये खरं, सत्यभामे."

साहेबांनी लेखणी उचलली. अर्ज फेटाळला जाणार हे दारातल्या पट्टेवाल्यालाही कळलं. तेवढ्यात मार्तंडराव खाकरले.

"साहेब, अर्जदाराला हरकत मान्य आहे. म्हणजे दोघांचं एकमत झालं. एकमत झालं म्हणजे वाद उरला नाही. आणि वाद उरला नाही, तर..."

साहेबांनी तीन वेळा नियमांचं पुस्तक चाळलं. वाद उरला नसेल तर अर्ज फेटाळायला काही कारणच उरत नव्हतं. त्यांनी नाइलाजानं लिहिलं, 'हरकत ऐकली. परवाना मंजूर.' आणि शिक्का मारला.

सत्यभामेनं सदरा सोडला. आण्णासाहेब मात्र सावकाश उभे राहिले, सतरा पानं घडी करून काखेत मारली आणि घसा साफ केला. आता हे प्रकरण वर मुंबईपर्यंत जाणार, म्हणून साहेबांनी कपाळाला हात लावला.

"कोंडीबा," आण्णासाहेब म्हणाले, "उंद्याच्याला म्होरची सीट मला ठिव. मागं बसलं की मळमळतं."