रेघेपर्यंतचं पाणी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी बादली. लातूरच्या मोंढ्याजवळ, म्हणजे धान्याच्या बाजाराजवळ, दानम्मांचं लॉज होतं, त्याच्या न्हाणीत माझी हयात गेली. तांबटाच्या हातोड्याखाली मी जन्मले. चिंचेने घासली की अशी झळके, की पाहुणे माझ्यात तोंड बघून भांग पाडत.

दानम्मांचे यजमान, लॉजचे मालक विरूपाक्षअप्पा वारले, तेव्हा त्यांनी अंगणात लावलेलं बेलाचं रोप गुडघ्याएवढं होतं. "हे तेवढं जगलं पाहिजे," एवढंच दानम्मा म्हणत.

पुढे लातूरचा नवा जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, साहेब आले, लॉजच्या खाटा भरल्या. पाणी मात्र आलं नाही. एका वर्षी दुष्काळ पडला आणि टँकर तिसऱ्या दिवशी येऊ लागला. मग कारभार पाहणाऱ्या संगप्पाने खिळ्याने माझ्या आत एक रेघ ओढली. एका पाहुण्याला त्या रेघेपर्यंतच पाणी. रेघ ओढताना दुखलं, पण बादलीची तक्रार कोण ऐकणार?

दानम्मा रोज सकाळी तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा करीत आणि त्यावर बेलाचं पान वाहत. म्हणून त्या रोपाला फक्त न वापरलेलं पाणी, तेही त्यांच्या स्वतःच्या वाट्यातलं. पाहुण्यांचं अंघोळीचं पाणी शेवग्याला. घरात ही रीत सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे कोणी ती बोलून दाखवत नसे. चैत्र सरता सरता दानम्मांचा वाटा पुरेनासा झाला. बेलाची पानं गळाली. खोड हिरवं आहे का, ते त्या रोज नखाने खरवडून बघत.

अशात नांदेडच्या गाडीने मार्टा उतरली. गोरी, उंच, पाठीवर भलंमोठं ओझं आणि पायांना फोड. खरोशाची लेणी बघायला ती सातासमुद्रापलीकडून आली होती. तिने सगळ्यात स्वस्त खाट मागितली. संगप्पा कुरकुरला, "ह्या लोकांस्नी टबात डुंबायची सवय. टँकर पिऊन टाकंल ही."

पण मी जे पाहिलं त्याने थक्क झाले. तिने माझी रेघ बोटाने चाचपली आणि समजल्यासारखी मान हलवली. परातीत उभं राहून, साबण न लावता, चार तांब्यांत अंघोळ उरकली. परातीतलं पाणी पुन्हा माझ्यात ओतलं आणि मला अंगणात नेलं. शेवग्याला शेंगा लटकत होत्या. वाळत चाललेला होता तो बेल. तिने मला बेलाच्या बुंध्याशी रितं केलं. सगळे मोंढ्याकडे गेलेले असत, त्यामुळे हे सात दिवस कोणाच्या नजरेस न पडता चाललं.

आठव्या सकाळी वाळक्या फांदीवर तांबूस कोंब दिसला. वर आग ओकणारं आभाळ आणि खाली तो तांदळाएवढा जीव. दानम्मांनी हात जोडले. तेवढ्यात मार्टा मला बेलापाशी ओतायला घेऊन आली आणि सगळं उघड झालं.

"अक्का, झाड बाटवलं की हिनं," संगप्पा म्हणाला. "पायाचं पाणी घातलं. ह्याचं पान आता लिंगावर कसं वाहायचं? आजच काढून द्या हिला."

मार्टाला शब्द कळले नाहीत, चेहरे कळले. तिने मला खाली ठेवलं. दानम्मांनी त्या कोंबावरून हलकेच बोट फिरवलं.

"संगप्पा, गावोगाव चालत जंगमस्वामी घरी आले की आपण त्यांचे पाय धुतो. त्या पाण्याला काय म्हणतो?"

"तीर्थ," तो पुटपुटला.

"मग ह्या लेकराचे पाय काय कमी चालले व्हय?"

त्यांनी वाकून माझी कडी एका बाजूने धरली, दुसऱ्या बाजूने मार्टाला धरायला लावली. दोघींनी मिळून मला बुंध्याशी ओतलं. जन्मात इतकी हलकी मी कधी झाले नव्हते.

मार्टा गेली. श्रावणात दानम्मांनी त्या फांदीचं पहिलं पान लिंगावर वाहिलं, तेव्हा संगप्पाच परडी धरून उभा होता.

आता माझ्या बुडाला भोक पडलं आहे. मोडीत घालायला निघालेल्या नातवाला दानम्मांनी अडवलं आणि मला बेलाखाली ठेवलं. माझ्यात ओतलेलं पाणी थेंबथेंब मुळाशी जातं. मित्रांनो, जुन्या भांड्याला टाकाऊ म्हणण्याआधी थोडं थांबा. आणि अंघोळीचं पाणी मोरीत सोडण्याआधी अंगणात एकदा नजर टाका. कोणीतरी तहानलेलं तिथे मुकाट उभं असेल.