पुनमचा अंगठा उडाला तेव्हा

जळगावच्या दवाखान्यात शिरताना सारिकाचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. तिची सोळा वर्षांची पुनम, भडगावच्या शाळेत कबड्डी गाजवणारी पोर, वर्षभर भिंतीकडे तोंड करून पडून होती. गोळ्या झाल्या, समुपदेशन झालं, नैराश्य हटेना. आता डॉक्टर कामिनी यांनी चुंबकाच्या नव्या उपचाराचं नाव काढलं होतं.

"हा शॉक नाही," डॉक्टर थेट पुनमशीच बोलत होत्या. "तू जागी असशील. डोक्यावर टकटक होईल, थोडं दुखेलही. आकडीचा धोका फार कमी, पण आहे. आणि तुझ्या वयाच्या मुलांवर मोठ्यांइतका अभ्यास अजून झालेला नाही. तू नको म्हणालीस तर नको."

पुनमने मान वर करून डॉक्टरांकडे पाहिलं. मग म्हणाली, "करू या."

सारिकाला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. तेवढ्यात डॉक्टरांनी विचारलं, "हिला कधी आकडी आली होती?"

आली होती. लहानपणी, सडकून तापात. शेजारी बसलेल्या नवऱ्याने, प्रेमराजने, टेबलाखाली सारिकाचा हात दाबला. "सांगू नको," तो पुटपुटला, "नही म्हनतीन त्या."

एवढ्या दिवसांनी दार उघडलं होतं, ते आपल्याच हाताने लोटायचं? सारिकाने हात सोडवून घेतला.

"आली होती, मॅडम. तापात. एकदाच."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "बरं झालं सांगितलंत. आज सुरू नाही करायचं. आधी मेंदूचा आलेख काढू, मेंदूविकाराच्या डॉक्टरांना दाखवू."

परतीच्या वाटेवर प्रेमराज तोंड फिरवून बसला. पण आलेख स्वच्छ निघाला, मेंदूच्या डॉक्टरांनी होकार दिला आणि पुढच्याच आठवड्यात पुनम त्या खुर्चीत बसली, कानांत बोळे घालून.

"आधी जोर किती लागतो ते बघू," म्हणत डॉक्टरांनी चुंबकाची चकती तिच्या डोक्याला टेकवली. टक! मांडीवर ठेवलेल्या पुनमच्या हाताचा अंगठा टुणकन उडाला.

पुनम अंगठ्याकडे बघतच राहिली. "आई! मी नाही हलवला!" तिला हसू फुटलं. "मॅडम, परत करा ना!"

"पोर हासनी वो!" प्रेमराज खुर्चीतून उठलाच.

"हा उपचार नाही हं, नुसतं मोजमाप. अंगठा कितीने उडतो त्यावरून चुंबकाचा जोर ठरतो," डॉक्टर म्हणाल्या, पण त्याही हसत होत्या.

उपचार चालला तेव्हा दर वेळी कोणीतरी शेजारी बसून पुनमवर नजर ठेवी. आकडी आली नाही. डोकं मात्र दुखायचं. काही दिवस ती घरी आली की पुन्हा भिंतीकडे तोंड करून निजायची आणि सारिकाचा जीव खालीवर व्हायचा. मग एका सकाळी मागच्या अंगणातून आरडाओरडा ऐकू आला. सारिका धावत गेली.

पुनम शेजारच्या पोरींना जमवून मातीत रेघ ओढत होती. "आई, बाजूला हो," ती ओरडली, "मी चढाईला निघालेय!"