पिवळे हातमोजे

बाबांच्या उजव्या पावलावरचा लाल भाग घोट्याच्या जरा खाली संपत होता, आणि जिथे संपत होता तिथली कडा अगदी आडवी होती. सांडलेल्या पाण्याने भाजलं तर अशी कडा येत नाही. सांडलेलं पाणी ओघळतं, शिंतोडे उडवतं, वाट्टेल तसं पसरतं. ही रेघ मात्र पावलाला सगळीकडून सारख्याच उंचीवर वेढून गेली होती. म्हणजे पाय पाण्यात होता, पाणी हलत नव्हतं, आणि पाय बराच वेळ तिथेच होता.

"कुठे भाजलं?" मी विचारलं.

"भाजलं?" बाबांनी वाकून स्वतःच्या पायाकडे पाहिलं, कोणीतरी विसरून गेलेली वस्तू पाहावी तसं.

मधुमेहाने त्यांच्या पावलांतली जाणीव कधीच गेली होती. चपलेत खडा गेला तरी कळत नसे. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. ताईला तर जरा जास्तच, कारण दर रविवारी चर्चमध्ये उभी राहून ती याच पायांसाठी मोठ्याने प्रार्थना करायची.

आदल्या संध्याकाळी चर्चमध्ये पाय धुण्याची उपासना होती. येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून मंडळीतले बारा म्हातारे खुर्च्यांवर बसतात आणि बारा प्रतिष्ठित माणसं गुडघे टेकून त्यांचे पाय धुतात. म्हातारे घरून पाय घासून, नखं कापून, वासाचा साबण लावून येतात, म्हणजे धुणाऱ्याला त्रास नको. धुण्यासारखं काही उरलेलं नसतं तेच धुतलं जातं आणि त्याला नम्रता म्हणतात. ताई महिला मंडळाची अध्यक्ष, तेव्हा बाबांचे पाय तिच्या वाट्याला आले. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, आणि त्या दिवशी मला प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायची होती. मी गेले नव्हते.

मी ताईला फोन लावला.

"पाळकांचं प्रवचन लांबलं गं," ती म्हणाली. "परातीतलं पाणी गार पडलं. म्हटलं, बाबांना हुडहुडी भरेल. मग किटलीतलं ओतलं थोडं."

"हात घालून बघितलंस?"

"घातला की."

"उघडा?"

"हातमोजे होते. माझ्या त्वचेला लगेच पुरळ उठतं, तुला माहितीये."

"कसले हातमोजे?"

"आता कसले म्हणजे? भांड्यांचे. जाड असतात ना ते, पिवळे."

"शिष्यांचे पाय धुताना येशूने पण घातले असतील."

"तू मला बायबल नको शिकवू. चर्चला येतेस वर्षातून दोनदा, तेही मागच्या बाकावर. आणि बाबा काही बोलले का? मस्त हसत होते. डाव्या पायाच्या वेळेला तर पाणी कोमटच होतं. फोटो आहेत, पाठवते."

तिने पाठवले. बारा पराती ओळीने मांडलेल्या, आणि एकाच परातीतून वाफ निघत होती. तिच्यामागे बाबा खरंच हसत होते.

माझा नवरा ताईला मेणबत्ती म्हणतो. जळते ती, पण मेण सांडतं आपल्या टेबलावर. तिने कुणाला डबा दिला तर तो डबा गावभर गाजतो. कुणाला दवाखान्यात नेलं तर बिचारा बरा होऊन घरी आला तरी त्याची सुटका नसते. चर्चमध्ये उभं राहून देवाने काय केलं ते सांगायचं असतं, त्या प्रत्येक साक्षीत त्याला पुन्हा आजारी पाडलं जातं. आई गेल्यानंतर बाबांनी दुकान बंद केलं आणि माझ्याकडे आले, तात्पुरते. तेव्हापासून ताई जाहीर करत होती की बाबांसाठी ती आपल्या सुखाचा त्याग करायला तयार आहे, त्यांनी फक्त हो म्हणावं. बाबा दर वेळी म्हणायचे, "बघू."

आता बघू म्हणून भागण्यासारखं नव्हतं. दवाखान्यातल्या सिस्टरने फोड साफ करता करता स्पष्ट सांगितलं, "आजोबा, आज इकडे, उद्या तिकडे, असं चालणार नाही. एका घरी राहायचं. रोज दोन्ही पाय धुवायचे, बोटांच्या बेचक्या बघायच्या, पट्टी एकाच माणसाने करायची. जखम चिघळली तर बोटं जातील. कदाचित पाऊलही."

"बघू," बाबा म्हणाले.

मला त्यात बघण्यासारखं काही वाटत नव्हतं. माझ्याकडे पाणी उकळून निवत ठेवलं जायचं. थर्मामीटर होता. जखमेसाठी निर्जंतुक हातमोजे होते, पातळ. आणि माझ्या हातमोज्यांना कारण होतं. उजव्या पायाची पट्टी झाली की त्याच हातमोज्यांची नवी जोडी चढवून मी डावा पायही धुवायचे. एक थेंब फरशीवर पडत नसे. बाबा तेवढा वेळ खिडकीकडे बघत बसायचे. एकदा मात्र म्हणाले, "तुझं तोंड असं का असतं गं, कुणी चूक केल्यासारखं?"

"चूक केलीच आहे ना कुणीतरी," मी म्हणाले.

त्या रविवारी मी मुद्दाम चर्चला गेले. ताईने साक्ष दिली. सेवेच्या वाटेवर परीक्षा येतात, ती म्हणाली. ज्या हातांनी आपण सेवा करतो त्याच हातांतून कधी दुःख घडतं, तेव्हा देव आपला विश्वास पारखत असतो. आवाज नेमक्या जागी भरून आला. पुढच्या बाकावरच्या बायकांनी रुमाल काढले. पाय बाबांचा भाजला होता आणि सांत्वन तिचं चाललं होतं. किटलीचा उल्लेख नव्हता. हातमोज्यांचा तर नव्हताच.

दुपारी ती माझ्या घरी हजर झाली.

"बाबांची खोली तयार केलीय," बसायच्या आत तिने सांगितलं. "नवे पडदे लावलेत. उशाला घंटी ठेवलीय, वाजवली की मी हजर. मंडळातल्या बायका पाळीपाळीने भजनं म्हणायला येतील."

"म्हणजे जखम भजनांनी भरेल," मी म्हणाले.

"तुझ्यासारख्या दगडाला नाही कळायचं ते."

बाबा आमच्याकडे बघत होते. आयुष्यभर त्यांनी वाकड्या पायांसाठी बूट बनवले होते. आखूड पाय, बोटं नसलेली पावलं, लहान मुलांचे आत वळलेले पाय. लोक दुकानात येऊन बसायचे आणि मोजा काढायला लाजायचे. बाबा त्यांना कधी काढा म्हणायचे नाहीत. ते फळीवरचं चामडं हातात घेऊन त्याच्याशी चाळा करत बसायचे, आणि गिऱ्हाइकाला घरचं काहीबाही विचारायचे, मुलीची शाळा, गळकं छप्पर. बोलता बोलता मोजा निघालेला असायचा. मग ते खाली बसून ते पाऊल मांडीवर घ्यायचे.

पट्टीची वेळ झाली. मी उजवा पाय आटपला. डाव्यासाठी पाणी ओतलं तेव्हा बाबा म्हणाले, "तू सरक. हा हिला धुऊ दे."

ताईने पर्स उघडली. पिवळे हातमोजे पर्समध्ये होते. ते मला आता विनोदीसुद्धा वाटले नाहीत.

"ते राहू दे," बाबा म्हणाले.

"बाबा, पुरळ उठतं मला."

"उठू दे."

ती खाली बसली. साडीचा काठ पाण्यात गेला. तिने एक बोट परातीत घातलं, मग सगळा हात, मग माझ्याकडे पाहिलं. मी थर्मामीटर पुढे केला नाही. बाबांचा डावा पाय काही फोटोतला पाय नव्हता. नखं जाड आणि पिवळी, टाच भेगाळलेली, आणि बेचक्यांतून दिवसभराचा वास. ताईचा चेहरा पांढरा पडला. तिने ओठ घट्ट मिटले आणि मला वाटलं, ही आता उठणार.

"तुझ्या स्वयंपाकघरातला नळ अजून गळतो का गं?" बाबांनी विचारलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते.

"हो," ताई म्हणाली.

"वॉशर बदलला?"

"बदलला. तरी गळतो."

"मग पेचच झिजला असेल त्याचा. बघायला हवा."

नळाबद्दल ते बराच वेळ बोलत राहिले. ताई एकेक शब्दात उत्तरं देत होती. तिने पाऊल मांडीवर घेतलं होतं. अतिशय वाईट धूत होती. अर्धी फरशी ओली केली. पण प्रार्थना म्हटली नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही, कुणी बघतंय का हे पाहिलं नाही. पदरानेच पाय पुसला.

"बेचक्या राहिल्या," मी म्हणाले.

"राहू देत. उद्या करेल ती," बाबा म्हणाले.

"उद्या? कुठे?"

बाबांनी पाय खाली ठेवला आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा बघू म्हणाले नाहीत.

"मी मोठीकडे राहायला जातो. तुझ्याकडे मला काही कमी नाही, आणि तुझंही माझ्यावाचून काही अडणार नाही. तिचं शिकणं अजून व्हायचंय." मग ते ताईकडे वळले. "ती घंटी तेवढी काढून टाक गं." पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "आणि पट्टी एकाच माणसाने करायची आहे, तेव्हा ती तूच करायचीस, रोज तिच्या घरी येऊन. येताना हे तोंड मात्र इथेच ठेवून ये."