बाहेरून पाहिलेला नरसिंह

इंजेक्शन दिल्यावर बाबांना वेगळ्या खोलीत बसवलं. त्यांच्या अंगात आता थोडा किरणोत्सार आहे, जवळ जाऊ नका, असं नर्सने मला बजावलं. दाराच्या काचेतून बाबा माझ्याकडे बघून हसले. हसण्यात ओठांची डावी बाजू मागे राहिली.

मेंदूतली गाठ काढून, नंतर किरणं देऊनही एमआरआयमध्ये त्याच जागी पुन्हा काहीतरी दिसत होतं. तो किरणांचा वण की परत आलेली गाठ, हे त्यावरून कळेना, म्हणून आम्ही पेट स्कॅनसाठी मुंबईला आलो होतो. जिवंत गाठ इंजेक्शनमधलं औषध ओढून घेते आणि चित्रात उजळते; वण उजळत नाही.

स्कॅन झाल्यावर डॉ. वर्षांनी आम्हा दोघांना पडद्यावर बाबांच्या डोक्याचं चित्र दाखवलं. निळ्या-काळ्या रंगात नारिंगी, मधोमध पिवळं.

"रंग बरा दिलाय," बाबा म्हणाले. "आम्ही डोळ्यांभोवती आधी पांढरा देतो."

डॉ. वर्षा गोंधळल्या. मोखाड्याच्या बोहाड्यात, म्हणजे देवांचे मुखवटे घालून नाचायच्या उत्सवात, नरसिंहाचं सोंग आमच्या घराकडे आहे, आजोबांनंतर ते बाबाच नाचवतात, मुखवटाही तेच रंगवतात, हे मी त्यांना सांगितलं. मग त्यांनी बाबांना बाहेर बसवलं आणि मला थांबवून घेतलं.

"गाठच आहे. उजळलेला भाग किती मोठा, किती प्रखर, यावरून पुढचा अंदाज येतो. इतका भाग असलेले बहुतेक रुग्ण सहा महिन्यांपलीकडे जात नाहीत. पण हा अंदाज पुष्कळ लोकांवरून काढलेला असतो, योगिता. एकट्या माणसाबद्दल तो कमीच सांगतो."

तेव्हा श्रावण चालू होता. बोहाडा होळीनंतर.

मी आईला फोन केला. "त्यांना काही सांगायचं नाही," ती म्हणाली. "सांगितलंस तर मुखवटा देऊन टाकतील."

ते खरं होतं. घरात माणूस गेलं की त्या घरचं सोंग वर्षभर निघत नाही. ते चुकवायचं तर जिवंतपणी स्वतःच्या हाताने दुसऱ्या घराला द्यायचं. आणि दिलेलं सोंग परत येत नाही. आमच्या घरात मूल मी एकटीच, आणि सोंग पुरुषच घेतात.

कसाऱ्याहून जीपमध्ये बसलो तेव्हा बाबांनीच विचारलं, "बोहाड्याला मी असेन का?"

बाहेर घाटात धुकं होतं. मी म्हणाले, "बहुधा नाही, बाबा."

त्यांनी मान हलवली. खोडाळ्याला जीप थांबली. मग म्हणाले, "पंकजला बोलावून घे."

पंकज माझ्या आत्याचा मुलगा. दसऱ्याला बाबांनी उजव्या हाताने मुखवटा रंगवला आणि त्याच्या हातात दिला. आईने त्याला ओवाळलं, पण जेवायला वाढताना ताट जरा आपटलंच.

दिवाळी गेली. संक्रांत गेली. बाबांचा डावा हात गेला, शब्द अडायला लागले, पण ते होते. सहा महिने उलटले तशी आई मला ऐकवू लागली, "काय म्हणत होतं गं तुमचं ते चित्र?" एकट्या माणसाबद्दलचं डॉक्टरांचं वाक्य मला पाठ होतं, ते तिला सांगून काय उपयोग.

होळी झाली, बोहाडा आला.

नरसिंह उजाडता निघतो. आम्ही बाबांना ओट्यावर खुर्चीत बसवलं, मागे उशी दिली. संबळ जवळ येऊ लागला. आई आरतीचं ताट घेऊन उभी होती. "आज हे सोंग घरचंच असतं," ती पुटपुटली. बाबांना आता मान सावरत नव्हती, मुखवटा कुठून पेलणार. ते तिलाही दिसत होतं.

नरसिंह आमच्या दारात थांबला, घुमला, नाचला. आईने ओवाळलं. बाबा नुसते बघत राहिले. पांढऱ्या कडांचे ते डोळे त्यांनीच रंगवले होते.

"असा दिसतो होय," ते अडखळत म्हणाले. "मी आपला... कायम आतच."

मी त्यांचा हात धरला. पांघरुणाखाली त्यांचा उजवा पाय ठेका धरत होता.

थोड्या वेळाने म्हणाले, "पंकज डावा पाय उशिरा टाकतो. सांग त्याला."

"सोंगात असताना हाक मारत नाहीत, बाबा."

"मग... उद्या सांग."

दुसऱ्या दिवशी ते जागे झाले नाहीत. श्वास चालू होता, आणखी काही दिवस चालला.

बाबांच्या बाराव्याला, मंडळी जेवून पांगल्यावर, मी पंकजला त्यांचा निरोप दिला. तो मान खाली घालून ऐकत होता. मग अंगणात जाऊन उभा राहिला, पुढे झुकला, डावा पाय टाकला.

"असा का, ताई?"

मी आईकडे पाहिलं.

आई दारात बसली होती. इतकी वर्षं बाबांच्या नरसिंहाला ओवाळायला ताट घेऊन ती याच दारात उभी राहिली होती. तिने पदराने डोळे पुसले.

"आणखी जरा आधी," ती म्हणाली. "परत टाक."